अभ्यास सोडून गेलेली माणसं

सोमवार, ३ फेब्रुवारी

कुलगुरूंनी आज बोलावून घेतलं. परीक्षेचं काही काम राहिलं असेल म्हणून जाता जाता दोन सबबी तयार ठेवल्या होत्या. एकही लागली नाही. विद्यापीठात ‘सचोटी केंद्र’ निघणार आहे. व्यवसायातली आणि संशोधनातली नीतिमत्ता सगळ्या विभागांत रुजवायची, मुलांना शपथ द्यायची, व्याख्यानं ठेवायची, आणि संशोधनात कुणाला काही खटकलं तर त्यानं मोकळेपणानं येऊन बोलावं अशी एक जागा करायची. समन्वयक मी!

“मीच का, सर?” असं तोंडातून निघूनच गेलं. मी व्यवस्थापन विभागात पत्रव्यवहार आणि सादरीकरण शिकवते. नीतिशास्त्रावर आयुष्य घालवलेले तत्त्वज्ञानाचे सर माझ्याच मजल्यावर बसतात, आणि या विषयावर त्यांना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं.

“ते फार प्रश्न विचारतात हो,” कुलगुरू हसले. “मला माणसं सांभाळणारं कुणीतरी हवंय. आणि तुमच्या ताई काय म्हणतात? त्यांचा बुटांचा अभ्यास आपलं नाव काढणार बघा.”

ताई म्हणजे माझी नणंद, फिजिओथेरपी विभागाची प्रमुख. म्हातारी माणसं पडू नयेत म्हणून एका कंपनीनं खास बूट काढले आहेत. त्या बुटांनी पडणं खरंच कमी होतं का, हे ताई दोन वर्षं तपासताहेत. खर्च कंपनीचा.

घरी सांगितलं तर नवरा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, “घे. लगेच हो म्हण.” मग जेवतानाही तोच विषय. केंद्रात कोण असेल, तक्रारी कुणाकडे येतील, शेवटचा शब्द कुणाचा. माझ्या कामात यानं एवढा रस लग्नानंतर पहिल्यांदाच घेतला. बरं वाटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

ताई समोरच्याच इमारतीत राहतात, दर रविवारी जेवायला आमच्याकडे येतात. आज माझं अभिनंदन म्हणून पेन घेऊन आल्या. बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डाव्या हाताला अजून प्लास्टर आहे. बाबा चित्रकलेचे मास्तर होते, त्यामुळे प्लास्टरवर कोपरापासून मनगटापर्यंत मुंग्यांची रांग काढली आहे. रोज एक-दोन मुंग्या वाढतात.

“डॉक्टरांनी विचारलं नाही का, हे काय म्हणून?” ताईंनी हसून विचारलं.

“विचारलं. म्हटलं, खाज कुठे येते ते दाखवतोय.”

मी म्हटलं, बाबा, जिन्यावर इतके जपून चालता तुम्ही, त्या दिवशी पडलात कसे? बाबांनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “चपलेवरून घसरले. किती वेळा सांगितलंय, झिजलेल्या चपला टाका.” बाबा भात कालवत राहिले. ताई पाणी प्यायला उठल्या, तांब्या समोर असताना.

गुरुवार, २० फेब्रुवारी

उद्घाटन पार पडलं. पार पडलं एवढंच म्हणते. सभागृह भरावं म्हणून तीन विभागांचे तास रद्द केले होते, त्यामुळे पोरं खुशीत होती. शपथ मी लिहिली होती आणि मीच वाचली. “मी, इथे आपलं नाव घ्यावं, अशी शपथ घेतो की...” अख्ख्या सभागृहानं एका सुरात म्हटलं, “मी, इथे आपलं नाव घ्यावं, अशी शपथ घेतो की...” पहिल्या रांगेत फक्त तत्त्वज्ञानाचे सर हसत होते, रुमाल तोंडाला लावून.

प्रत्येकाला ‘सचोटी हीच ओळख’ असं लिहिलेला मग दिला. हे मग बुटांच्या कंपनीनं दिलेत. केंद्राची खोली, टेबल, पंखासुद्धा त्यांनीच दिलाय म्हणे. मला हे आजच कळलं. कंपनी भली दिसते.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

केंद्राचा पहिला उपक्रम म्हणजे नीतिमत्तेवर प्रश्नमंजूषा. विक्रमी सहभाग. उत्तरं तपासायला घेतली तर जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी. मुलं विषयात रस घेताहेत म्हणून हुरूप आला. मग लक्षात आलं की एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडूनच चुकीचं टाईप झालं होतं, आणि सगळ्यांनी नेमकं तेच दिलंय. उत्तरं आधीच फुटली होती!

कुलगुरूंना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “अहो, सहभाग बघा ना केवढा!” अहवालात ‘उदंड प्रतिसाद’ असं लिहायला सांगितलं. उदंड तर होताच. मग हे खोटं आहे का? मी पत्रव्यवहाराची बाई, मला शब्दात चूक सापडेना. लिहिलं.

सोमवार, ३ मार्च

केंद्रात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून आलं. ताईंकडे पीएच.डी. करणारी मुलगी. तिशीची असेल. केसांच्या अंबाड्यात सदा पेन्सिल खोचलेली असते म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणतात. आधी विचारलं, “इथलं बोलणं बाहेर जात नाही ना?” मी म्हटलं, अजिबात नाही.

तिचं म्हणणं असं. अभ्यासात माणसांचे दोन गट. एकाला कंपनीचे बूट, दुसरा आपापल्या चपला-बुटांत. दर महिन्याला फोन करून विचारायचं, पडलात का? जो म्हणेल की मी बूट वापरणं सोडलं, त्याला अभ्यासातून वगळायचं.

“मॅडम, सोडून गेलेले बरेच आहेत,” ती म्हणाली. “आणि बुटांच्या गटातलेच जास्त. दुसऱ्या गटातून फारसं कुणी गेलं नाही.”

“का सोडले असतील बूट?”

“तेच तर. आपण विचारलंच नाही. मी आमच्या मॅडमना म्हटलं, फोन करून विचारू का? तर म्हणाल्या, गरज नाही, आपल्या आराखड्यात तो प्रश्न नाही.”

“आराखडा आधी ठरलेला होता?”

“हो. त्यात लबाडी काही नाही. मलाही तसं म्हणायचं नाहीये.” तिनं पेन्सिल काढली, परत खोचली. “मला फक्त विचारायचंय की हे बरोबर आहे का.”

मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर कागदावर मांडून पाहिलं. कुणी खोटं बोललेलं नाही, आकडा बदललेला नाही, नियम मोडलेला नाही. नुसतं न विचारणं हा गुन्हा धरायचा तर मी वर्गात रोज करते.

मंगळवार, ४ मार्च

मी घोळ घातला. संध्याकाळी ताईंकडे गेले. नाव न घेता, सहज बोलण्याच्या ओघात विचारायचं ठरवलं होतं. म्हटलं, “ताई, अभ्यासातून मधेच माणसं गेली तर तुम्ही काय करता?”

ताई चहा गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “पेन्सिल आली होती का तुझ्याकडे?”

मी “छे छे” म्हटलं. माझं छे छे कसं असतं ते अख्ख्या घराला माहीत आहे.

“हे बघ,” ताई शांतपणे म्हणाल्या, “म्हातारी माणसं कंटाळतात. बूट जड वाटतात, रंग आवडत नाही, सून हसते. शंभर कारणं. ज्यानं बूट घातलेच नाहीत त्याच्यावरून बुटांचा निकाल कसा लावायचा? औषध न घेतलेल्या माणसावरून औषध तपासतात का?”

मला ते पटलं. अगदी पटलं. चहा पिऊन जिना उतरले आणि खाली पोचेपर्यंत पेन्सिलचं पटायला लागलं. दोन मजल्यांत माझं मत बदलतं. असल्या बाईला कुणी समन्वयक केलं?

आणि ‘अजिबात नाही’ असं मी त्या मुलीला कालच सांगितलं होतं.

बुधवार, १२ मार्च

बाबांचं प्लास्टर निघालं. मुंग्यांसकट ते घरी न्यायचंय म्हणून हटून बसले होते, डॉक्टर ऐकेनात. येताना बागेतल्या बाकावर टेकलो. बाबा मनगट उघडझाप करून बघत होते. मी सहज विचारलं, म्हणजे या वेळी खरोखरच सहज, की बाबा, तुम्हीही ताईंच्या अभ्यासात होतात ना? मधेच का सोडलात?

“पडलो म्हणून,” बाबा म्हणाले.

“हो, पण ते चपलेवरून ना?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. “बूटच होते गं पायात. सपाट जमिनीवर झकास आहेत. पण तळ जाड. पायरी उतरताना पाऊल टेकलं की नाही ते कळत नाही. टेकलं असं वाटलं, आणि नव्हतं टेकलं.”

“मग ताईंना सांगितलं नाहीत?”

“ती दवाखान्यात धावत आली बिचारी. दारातूनच विचारलं, ‘बाबा, चपला होत्या ना पायात?’ असं विचारल्यावर माणूस काय सांगणार? हो म्हटलं. चेहरा बघायला हवा होतास तिचा. एकदम सुटल्यासारखा झाला.” मनगट चोळत म्हणाले, “माणसं कमी पडत होती म्हणून मला घेतलं होतं तिनं. मग बूट आवडत नाहीत सांगून बाहेर पडलो. उगाच तिच्या कामात माझं लचांड नको.”

बाबा म्हणाले, “तू आता त्या केंद्रातली म्हणून सांगितलं असं नाही हं. तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

शुक्रवार, १४ मार्च

नवऱ्याशी भांडण. त्याला सगळं ठाऊक होतं. दवाखान्यात बाबांच्या पायातले बूट यानंच काढले.

“मग काय झालं?” तो म्हणाला. “एक माणूस पडला म्हणून बूट वाईट? ताईनं दोन वर्षं रक्त आटवलंय. अधिष्ठातापद समोर आहे तिच्या. तू त्यात नाक खुपसू नकोस मधे.”

“मी नाक खुपसत नाहीये. मला तिथे बसवलंय ते कशासाठी?”

“कशासाठी बसवलंय ते तुला खरंच...” एवढं बोलून थांबला. मी म्हटलं, काय खरंच? तर म्हणाला, “जाऊ दे. माझा शर्ट इस्त्रीला गेलाय का?”

शर्ट इस्त्रीला गेलेला नव्हता. पण मधलं वाक्य काही केल्या पुरं झालं नाही.

सोमवार, १७ मार्च

कुलगुरूंकडे गेले. दोन दिवस वाक्यं जुळवली होती. म्हटलं, “सर, एका अभ्यासाबद्दल शंका आली आहे. तो माझ्या नणंदेचा आहे. माझं नातं आहे, तेव्हा यावर मी निर्णय देणं बरोबर नाही. दुसऱ्या कुणाकडे द्या. तत्त्वज्ञानाच्या सरांकडे.”

“तक्रार लेखी आहे?”

“नाही. शंका आहे.”

“मग तक्रार नाही.” ते खुर्चीत मागे रेलले. “आणि नात्याचं काय घेऊन बसलात? तुमचं नातं मला माहीत नसतं तर मी तुम्हाला बोलावलं असतं का?”

ऐकून जीव भांड्यात पडला. म्हणजे नातं माहीत असूनही त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. मी आभारही मानले. पण बाहेर येऊन जिना उतरताना ते वाक्य पुन्हा मनात म्हणून पाहिलं, तर ते मघासारखं वाटेना. कुठल्या शब्दावर जोर होता तेच आठवेना. ‘माहीत नसतं तर’ की ‘बोलावलं असतं का’? पत्रात असतं तर सरळ खूण करून विचारलं असतं.

परवा संशोधन समितीची बैठक आहे. बुटांचे निष्कर्ष जाहीर करायची तारीख तिथे ठरणार. मी पदसिद्ध सदस्य आहे. बोलावं का? बोललं तर घरात आग. नाही बोललं तर... नाही बोललं तर कुणालाच काही कळणार नाही. तेच तर सगळ्यात सोपं आहे, आणि म्हणून मला त्याचा संशय येतोय.

बुधवार, १९ मार्च

बोलले. कसं बोलले देव जाणे. विषय आला, कंपनीचे साहेबही पाहुणे म्हणून बसले होते, सगळे बाकं वाजवायच्या तयारीत. मी उठले आणि म्हटलं, “ज्यांनी बूट सोडले त्यांनी का सोडले हे विचारल्याशिवाय निष्कर्ष जाहीर करू नयेत असं मला वाटतं. आणि हे मी सांगू नये, कारण त्या माझ्या नणंद आहेत. पण दुसरं कुणी सांगत नाहीये.”

कुणीतरी फिसकन हसलं. “घरचं भांडण घरी” असंही कानावर आलं. ताई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. गर्दीत ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसं.

तत्त्वज्ञानाच्या सरांनी विचारलं, “किती फोन करावे लागतील?” कुणालाच सांगता येईना, किंवा कुणी सांगेना. विषय पुढच्या बैठकीवर गेला. कंपनीचे साहेब चहाला न थांबता निघून गेले. बाबांचं मी काहीच बोलले नाही. ते माझं नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च

वाटलं होतं, निदान पेन्सिल खूश होईल. ती केंद्रात आली, पण बसली नाही.

“माझी शिष्यवृत्ती कंपनीची होती,” ती म्हणाली. “कालपासून बंद.”

“अगं, पण तूच तर...”

“मी विचारायला आले होते, मॅडम. सांगायला नव्हते आले. बरोबर आहे का एवढंच विचारलं होतं. हो किंवा नाही म्हणायचं होतं तुम्ही. आणि आमच्या मॅडमना माझं नाव दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.”

मी माफी मागितली. ती “ठीक आहे” म्हणाली. ठीक काहीच नव्हतं. मुलांना मी ‘आवाज उठवा’ असं फलकावर लिहून दिलं होतं. ज्याचा आवाज त्याला विचारून उठवा, हे लिहायचं राहिलं. दुपारभर विद्यार्थी निधीवाल्यांच्या दारात बसून तिच्यासाठी अर्ज दिला. मिळेल की नाही, माहीत नाही.

रविवार, २३ मार्च

ताई जेवायला येणार नाहीत असं धरून पोळ्या कमी केल्या होत्या. आल्या. नवरा पेपर वाचत जेवत होता.

बाबांनीच ताट बाजूला सारलं. “बाळे, त्या दिवशी चपला नव्हत्या. बूट होते.”

ताईंना या घरात बाळे कुणी म्हणत नाही. पन्नाशी उलटलेली बाई. त्यांनी घास खाली ठेवला.

“मग मी विचारलं तेव्हा हो का म्हणालात?”

“तू ‘चपला होत्या ना’ असं विचारलंस.”

ताईंनी बाबांच्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “मला वाटलं होतं.” काय वाटलं होतं, ते बोलल्या नाहीत. चपला होत्या असं वाटलं होतं, की बूट होते असं वाटलं होतं? नवऱ्यानं पेपरची घडी घातली आणि परत उलगडली. ताई ताट उचलून घेऊन गेल्या, घासलं, पुसलं, आणि न सांगता निघून गेल्या.

मी बरोबर केलं की वाट लावली? कुणी सांगेल तर बरं.

मंगळवार, १ एप्रिल

कुलगुरूंचा निरोप आला. ‘सचोटी केंद्राचं पुढच्या सत्रात बघू.’ खोली क्रीडा विभागाला दिली. सकाळी गेले तर टेबल टेनिसचं टेबल आत घेताना माणसं दारात अडकली होती. मीही एक कोपरा धरला.

काढून टाकलं असं कुणी म्हणालेलं नाही. म्हणजे मी अजून समन्वयक आहे का? कुणाला विचारू?

शनिवार, ५ एप्रिल

सकाळी ताईंचा फोन. “मोकळी आहेस का? विभागात ये.” एवढंच.

गेले तर विभाग रिकामा, सुट्टीचा. चालण्याच्या चाचणीची लांब पट्टी गुंडाळून भिंतीला टेकवलेली. ताई टेबलाशी, समोर पेन्सिल. दोघी मधे बरंच अंतर ठेवून बसलेल्या, पण एकाच टेबलाशी. कंपनीनं पैसे थांबवलेत. ताईंनी समितीला कळवलंय की सोडून गेलेल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय निष्कर्ष देणार नाही. अधिष्ठातापदाचं मी विचारलं नाही, त्यांनी काढलं नाही. पेन्सिलच्या निधीचं अजून काही कळलेलं नाही.

“तू बोल फोनवर,” ताई मला म्हणाल्या. “आम्हा दोघींचा आवाज ते ओळखतात.”

“काय विचारू?”

“‘बूट का सोडलेत?’ एवढंच. पुढे काहीही सुचवायचं नाही. ‘ना’ लावायचा नाही.”

पहिला फोन एका आजींना लावला, तिघींना ऐकू येईल असा. विद्यापीठातून बोलतेय म्हटल्यावर आजी खूश झाल्या. तब्येत, नातवाचं लग्न, शेजारणीचा मोतीबिंदू, सगळं सांगून झालं. मी वाट पाहिली. मग विचारलं, “आजी, तुम्ही बूट का सोडलेत?”

आजींनी उलटाच प्रश्न केला.

“तुम्ही नवीन आहात का हो तिथे?”

“हो.”

“मग सांगते.” आजींचा आवाज खाली आला. “पडले मी. दोनदा. पायरीवर. पण तुमच्या त्या मोठ्या मॅडम आहेत ना, त्यांना नका सांगू. फार मायेनं करायच्या हो सगळं, स्वतः खाली बसून बूट घालायच्या माझ्या पायात. त्यांना वाईट वाटेल.”

मी ताईंकडे पाहिलं नाही. पेन्सिलनंही नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी “बरं, आजी” म्हटलं. आता हेही खोटंच झालं का, हा विचार तेवढ्यातही मनात आला.

फोन ठेवला. ताईंनी पुढ्यातल्या कागदावर ‘पडल्या’ असं लिहिलं, आणि त्याखाली ‘दोनदा’. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. मग हात पुढे करून माझ्यासमोरचा फोन स्वतःकडे ओढला.

“आवाज ओळखतील ना ते,” मी म्हटलं.

“ओळखू देत,” ताई म्हणाल्या, आणि पुढचा नंबर त्यांनी स्वतः लावला.